हात मागे

आजोबांच्या शर्टाचं तिसरं बटण काजात सरकवत असतानाच दार उघडलं आणि दारात वृद्धाश्रमाच्या प्रमुख बाई उभ्या राहिल्या. मुलीची बोटं जागच्या जागी थबकली. आजोबा मात्र हनुवटी वर करून निवांत बसले होते, न्हाव्यापुढे बसावं तसे.

"रोज तूच लावतेस?" बाईंनी विचारलं.

"आज जरा घाई होती."

"रोज तीच लावते," आजोबा कौतुकाने म्हणाले. "बटणं, बुटाच्या नाड्या, सगळं. सोन्यासारखी पोर आहे."

बाईंनी उरलेल्या बटणांकडे पाहिलं, मग मुलीकडे. "आटोपलं की खाली ये," एवढंच म्हणाल्या आणि दार लोटून गेल्या.

आटोपायला काय, अर्धं मिनिटही लागलं नाही. हाताला सवय झाली होती. पण कशाबद्दल बोलणी बसणार हे तिला जिना उतरतानाच पक्कं ठाऊक होतं. या वृद्धांच्या घरात पहिल्याच दिवशी एक नियम सांगितला होता, आणि तो इतका सोपा होता की विसरायची सोय नव्हती. जे काम म्हाताऱ्या माणसाला स्वतःला जमतं, मग त्याला कितीही वेळ लागो, त्याच्या वेळी आपण हात मागे बांधून उभं राहायचं. पडायला लागला तर धरायचं. एरवी बघत राहायचं.

हे ऐकून तेव्हा तिला या लोकांची कीव आली होती. म्हातारा माणूस धडपडतोय आणि आपण धट्टेकट्टे असून मख्खासारखं उभं राहायचं? आपल्याकडे कुणी असं केलं तर लोक तोंडात शेण घालतील. इथे सगळे एकमेकांना नावाने हाक मारत, मग समोरचा नव्वदीचा का असेना. हिच्या जिभेला ते वळणच नव्हतं. पहिल्या दिवसापासून ती यांना आजोबा म्हणाली, अर्थ विचारला तेव्हा अर्थ सांगितला, आणि म्हातारा असा काही खुलला की विचारू नका. आता एकदा आजोबा म्हटल्यावर त्यांच्या पायाशी बसून नाड्या बांधायच्या नाहीत, तर कुणाच्या बांधायच्या?

गंमत अशी, की याच मुलीने स्वतःच्या घरी इकडची काडी तिकडे केली नव्हती. कॉलेजातून आली की ताट समोर, जेवली की ताट जागेवर. उन्हाळ्याच्या सुट्टीत परदेशात सेवा करायला जाते म्हणाली तेव्हा वडील पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाले होते, "आधी घरातला चहाचा कप विसळून दाखव." त्यावर रुसून, रडून, शेवटी आईला फितवून ती आली होती. दुरून डोंगर साजरे असतात, हे तिला आल्यावर चौथ्या दिवशी कळलं. सकाळी सगळ्या खोल्यांतून फिरायचं, चादरी बदलायच्या, कुणाला उठवायचं, कुणाला बसवायचं, न्याहारीच्या आत सगळ्यांना खाली आणायचं. दुपारपर्यंत कमरेचा काटा ढिला व्हायचा. पाय असे भरून यायचे की आंघोळीचं पाणी त्यांच्यावर पडलं की रडू फुटायचं.

"आजोबांना महिन्याभराने तपासायला येणार होते, आठवतंय?" प्रमुख बाई खाली कचेरीत म्हणाल्या. बाई रागावल्या नव्हत्या, थकलेल्या होत्या, आणि तेच मुलीला जास्त लागलं. "ते आता पंधरा दिवसांवर आलंय."

आठवत होतं तर. आजोबा मूळचे सुतार. शिडीवरून पडून उजवा हात मोडला म्हणून तीन-चार महिन्यांसाठी इथे आलेले. चढावरच्या गल्लीत त्यांचं घर होतं, त्याच्या खिडक्या त्यांनी स्वतः केलेल्या. मागच्या बाजूची एक खिडकी पावसाळी हवेत फुगते, तिला खालून गुडघ्याने ढोसलं की मगच उघडते, हे त्यांनी तिला निदान वीसदा सांगितलं होतं. हात सांधला होता. आता सरकारी बाई येऊन बघणार होत्या, की हा माणूस एकटा राहू शकतो का. स्वतःचे कपडे घालतो का, चहा करून घेतो का. जमलं तर घरी. नाही जमलं तर कायमचं इथे, आणि त्यांचा मुलगा घर विकून टाकायचं म्हणतच होता.

"मोडलेला हात असा असतो," बाईंनी स्वतःचा पंजा टेबलावर पसरला. "वापरला नाही की आखडतो. तू त्यांची बटणं नाही लावलीस, तू त्यांचा व्यायाम खाल्लास."

"मला वाटलं, सेवा..."

"माहीत आहे. तुमच्याकडून येणाऱ्या पोरांना हे सांगून सांगून माझी जीभ झिजली. पण खरं सांग. सेवाच होती ती?"

मुलीने मान खाली घातली. त्यांनी नेमकं दुखतं तिथे बोट ठेवलं होतं. आजोबांनी स्वतः बटणं लावायची म्हणजे मेला अर्धा तास मोडायचा. पुढच्या खोल्या खोळंबायच्या. ते एकेक बटण दोनदा सोडून तिसऱ्यांदा धरायचे आणि हिचे पाय खालून ठणकायचे. आपण लावली की काम चटकन व्हायचं, वर म्हातारा सोन्यासारखी म्हणायचा, आणि रात्री आईला फोनवर सांगितलं की आई म्हणायची, "पुण्य लागेल गं बाळा." एका दगडात तीन पक्षी. तिला स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवसापासून तिने हात मागे बांधले.

"आज काय झालं?" आजोबांनी विचारलं. शर्ट अंगात, बटणं सताड उघडी.

"तुम्हीच लावायची आजपासून."

"का? बोटांना मेंदी लावलीस?" असं काही ते म्हणाले नाहीत, ते तिची आजी म्हणाली असती. ते नुसते हसले आणि वाट बघत राहिले. ती हलली नाही तेव्हा त्यांचा चेहरा पडला. त्यांनी एक बटण लावलं, दुसरं लावायला घेतलं आणि मग हात मांडीवर टाकून म्हणाले, "दुखतं."

अशा वेळी उभं राहून बघण्याइतकं कष्टाचं काम तिने जन्मात केलं नव्हतं. चादरी परवडल्या. बाईंच्या परवानगीने ती आता त्यांच्या खोलीत सगळ्यांत आधी येई, वेळ हाताशी असावा म्हणून, आणि त्यासाठी तिला अंधारात उठावं लागे. भिंतीला पाठ टेकवून ती डुलक्या आवरत असे. आजोबा कधी दोन बटणं लावत, कधी तीन, मग दुखतं म्हणून थांबत. एके दिवशी तर रागाने शर्ट तसाच उघडा ठेवून न्याहारीला गेले. पाच दिवस तिच्याशी धड बोलले नाहीत. सहाव्या दिवशी तीच वितळली. "वरची तेवढी लावते हं, आजच्या दिवस," म्हणाली. ते आजच्या दिवस पुढे रोज होत गेलं. खालची तीन त्यांची, वरची तीन हिची, असा न बोलता सौदा ठरला आणि आजोबा पुन्हा हसू-बोलू लागले. अर्धी तरी लावतात ना, तिने मनाची समजूत घातली. त्या फुगणाऱ्या खिडकीचं नाव त्यांनी कितीतरी दिवसांत काढलं नव्हतं, हे तिच्या लक्षातही आलं नाही.

आणखी एक गोष्ट राहून जात होती. तपासणी सोमवारी, आणि तिचं विमान त्याच आठवड्यात शनिवारी. ती जाणार हे इथल्या झाडूवालीपासून सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त आजोबांना नव्हतं. सुरुवातीला विषय निघाला नाही. मग त्यांचा अबोला होता. मग अबोला नुकताच सुटला होता. सांगू, सांगू म्हणत ती ढकलत राहिली. "सांगून टाक की," आई फोनवर म्हणाली. "आणि ये लवकर. आल्यावर तुला काडी उचलू देणार नाही मी. नुसती लोळ." मुलीला हसू आलं आणि लगेच रडू आलं, इतकी ती दमली होती.

सोमवारी सरकारी बाई आल्या. बोलायला गोड होत्या. आजोबांनी चहा केला, चांगला केला, एक थेंब सांडला नाही. भिंतीपाशी उभ्या असलेल्या मुलीने मनातल्या मनात देवाला नारळ कबूल केला. मग बाई म्हणाल्या, "आता शर्ट."

आजोबांनी शर्ट अंगात घातला. खालचं बटण लावलं. दुसरं. तिसरं. मग त्यांनी हात खाली सोडले.

"पुढची?" बाईंनी विचारलं.

"पुढची ही लावते," आजोबांनी मुलीकडे मान केली. शरमेने नाही. आपली नात वर्गात पहिली आली हे सांगावं, तसं सांगितलं.

"ती नसेल तेव्हा?"

"ती असतेच."

मुलीने प्रमुख बाईंकडे पाहिलं. प्रमुख बाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. सरकारी बाईंनी आणखी दोन-तीनदा विचारून पाहिलं, आजोबांनी हात दुखतो म्हणून सांगितलं, आणि सगळं संपलं. जाताना बाई म्हणाल्या, "इथे तुमची काळजी छान घेतात, आजोबा." तोवर तेही नाव सगळ्यांच्या तोंडी बसलं होतं.

संध्याकाळी जेवणाआधी त्यांचे कपडे बदलायला ती खोलीत गेली तेव्हा ते खुशीत होते. बनियनवर पलंगाच्या कडेला बसले होते, उशाशी मोठ्या आकड्यांचा फोन.

"मुलाशी बोललो," ते म्हणाले. "म्हटलं, काढ घर विकायला. तुझ्या मनासारखं होऊ दे."

"आजोबा, तुम्हाला तर घरी जायचं होतं."

"होतं. पण तिथे आहे कोण? खिडक्या आहेत. खिडक्या काय सकाळी येऊन कसं वाटतंय विचारतात?" त्यांनी दोन्ही हात तिच्यापुढे पसरले, बाही चढवायला. "इथे तू आहेस. मी म्हटलं, मरू दे ते घर."

तिने धुतलेला शर्ट हातात धरला होता. तो चढवून द्यावा आणि उद्या बघू, असं तिला एकदा वाटलं. उन्हाळाभर तिने तेच केलं होतं.

"आजोबा, मी शनिवारी जाणार आहे."

"कुठे?"

"घरी. माझ्या घरी. सुट्टीपुरतीच आले होते मी. कॉलेज सुरू होतंय." आणि मग तिला रडू आवरेना. "आधी सांगायला हवं होतं. चुकलं माझं. फार चुकलं."

आजोबांचे हात थोडा वेळ तसेच हवेत राहिले, मग खाली आले. खोलीबाहेरून कुणाची तरी जेवणाची गाडी गेली. मुलीला वाटलं, आता हे रागावतील, आणि रागावले तर बरं होईल.

त्यांनी तिच्या हातातून शर्ट घेतला. डावी बाही घातली, मग उजवी. खालच्या बटणापासून सुरुवात केली. एक, दोन, तीन. थांबले नाहीत. चौथं लावताना अंगठा जरा अडला, तो त्यांनी काजाखाली घालून बटण वर ढकललं, सुतार खुंटी बसवतो तसं. पाचवं. मग मान वर करून गळ्याचं सहावंही लावलं, आणि कॉलर खाली ओढून सरळ केली.

मुलगी रडायची थांबली होती. ती त्यांच्या बोटांकडे बघत होती.

"कधीपासून लावता येतात?" तिने विचारलं.

"मे महिन्यापासून," ते म्हणाले. "तू आलीस तेव्हाही येत होती. वेळ लागायचा इतकंच."

ती खुर्चीत बसली. आजोबांनी घड्याळाकडे पाहिलं.

"मुलगा आता घरी पोचला असेल. घर विकू नको म्हणून सांगतो. जरा फोन लावून दे त्याला."

ती उठून पुढे झाली, फोनला हात घातला.

"थांब," ते म्हणाले. "राहू दे. मीच लावतो."

त्यांनी फोन मांडीवर घेतला, रिसीव्हर कानाला लावला आणि एकेक आकडा दाबू लागले. मधेच चुकले. रिसीव्हर खाली ठेवला, पुन्हा उचलला आणि पहिल्या आकड्यापासून सुरुवात केली. जेवणाची घंटा झाली तरी मुलगी तिथेच उभी होती.