स्विचपाशी कोण?

मशीन लॅबचा नियम भिंतीवर लाल अक्षरांत रंगवलेला आहे, आणि तरीही हिरेमठ सर तो दर मंगळवारी मोठ्याने वाचून दाखवतात. एका टेबलाला दोघं. एकाने वायरी जोडायच्या, दुसऱ्याने त्या तपासायच्या, आणि मोटर फिरतेय तोवर एकाने भिंतीवरच्या मेन स्विचपाशी उभं राहायचं. एकट्याने स्विचला हात लावायचा नाही.

सात नंबरच्या टेबलावर दुर्गा आणि ऋतुजा. हजेरीच्या कागदावर तरी दोघीच. खरं सांगायचं तर ऋतुजाने दसऱ्यालाच गाशा गुंडाळला होता. पुण्यातल्या कुठल्या तरी कॉलेजात तिचा नंबर लागला आणि बाईसाहेब निघून गेल्या. दुर्गाला निरोप नाही, काही नाही. "कुटं हायस गं?" असा मेसेज दुर्गाने पाठवला, त्यावर दोन निळ्या खुणा उमटल्या आणि विषय संपला.

तेव्हापासून सहा मंगळवार दुर्गा दोन सह्या करत होती. ऋतुजाची सही तिला आता स्वतःच्या सहीपेक्षा झोकात जमायची. सरांनी विचारलंच तर "पाणी प्यायला गेलीय सर", नाहीतर "ऑफिसात गेलीय". सरांना साठ जर्नलं तपासायची, ते कशाला पाण्याच्या टाकीपर्यंत बघायला जातील? आणि कोण सोडून गेलं याची ऑफिसची यादी लॅबपर्यंत पोचायला आपल्याकडे एक सेमिस्टर सहज लागतं.

एवढी लबाडी कशासाठी? तर एकटा उरलेल्याला दुसऱ्या टेबलावर तिसरा म्हणून बसवतात. दुर्गा डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेली. ती आली तोवर वर्गात सगळ्यांच्या जोड्या जमून गेल्या होत्या. पहिल्या मंगळवारी सरांनी तिला एका टेबलावर तिसरी म्हणून उभं केलं. तीन तास तिने दुसऱ्यांनी सांगितलेले आकडे लिहिले. त्यापलीकडे तिच्याशी कोणी चकार शब्द बोललं नाही. पुढच्या आठवड्यात ऋतुजा आली, तीही डिप्लोमाचीच, आणि दुर्गाचा जीव भांड्यात पडला. आता ती गेली होती. आपण एकट्या पडलोय हे दुर्गाला पक्कं ठाऊक होतं. ते साठ जणांसमोर जाहीर होऊ नये, एवढंच तिचं म्हणणं होतं.

खोलीवर तरी बोलायला कोण होतं? दुधनीला, तिच्या गावी, घरात कानडी, दारात मराठी. इथे शहरात भवानी पेठेतली खोली एका तेलुगू विणकराच्या घरात. मालकीणबाई जेवलीस का म्हणून हाताने विचारायच्या, दुर्गाही हातानेच हो म्हणायची. वर्गात सगळं इंग्रजीत. कधी कधी रविवारी रात्री झोपताना तिच्या लक्षात यायचं, की आज आपण तोंडच उघडलेलं नाही.

त्या मंगळवारी शंट मोटरचा वेग मोजायचा होता. या मोटरला वीज दोन वाटांनी जाते. त्यातली फील्डची वाट तुटली तर मोटर थांबत नाही, उलट वेग वाढत जाऊन पिसाळते. हे दुर्गाला तोंडपाठ होतं. डिप्लोमाला तिने याच प्रश्नावर पैकीच्या पैकी घेतले होते. तिने वायरी जोडल्या, मग पलीकडे जाऊन, दुसरीच कोणी असल्यासारखी, त्या तपासल्या. दोनदा तपासल्या. पण डोळे तेच. फील्डचा एक स्क्रू नुसता बोटाने फिरवलेला होता, पाना लावायचा राहून गेला होता. तो पहिल्या खेपेला सुटला तसाच दुसऱ्या खेपेलाही सुटला. सरांनी लांबूनच मान डोलावली. दुर्गाने स्वतःच स्विच टाकला आणि लगबगीने टेबलाशी आली.

मोटर नीट सुरू झाली. दोन आकडे लिहून झाले. तिसऱ्याला थरथरीने त्या सैल स्क्रूखालची वायर निसटली आणि मोटरचा आवाज चढू लागला. टेबल हादरायला लागलं. स्विच चार पावलांवर होता, पण त्या पिसाळलेल्या मोटरच्या पलीकडे.

"ऋतुजा!" ती जीव खाऊन ओरडली. "ऋतुजा, बंद कर की गं!"

सगळी लॅब स्विचकडे बघू लागली. तिथे कोणीच नव्हतं.

सहा नंबरच्या टेबलावरचा सिद्धनाथ धावला आणि त्याने स्विच खाली ओढला. मोटर थांबायला बराच वेळ लागला.

"ऋतुजा कुठंय?" सरांनी विचारलं.

"न्हाय सर." दुर्गाला शुद्ध बोलायचंही भान राहिलं नाही. "कॉलेज सोडून गेली ती. दसऱ्यालाच."

"मग स्विचपाशी कोण उभं राहत होतं?"

"कुनीच न्हाय."

सर भडकले होते. मोटरचा तुकडा उडून लागला असता तर, शेजारची पोरं होती, असं बरंच बोलले. शेवटी सिद्धनाथला म्हणाले, काय झालं ते नावानिशी रजिस्टरात लिही. आणि प्यूनला हाक मारत बाहेर गेले.

सिद्धनाथने रजिस्टर उघडलं. तीन महिने तो तिच्यापासून दोन हातांवर उभा राहत आला होता. त्याने पेन उचलून जरा संकोचानेच विचारलं, "तुझं नाव काय गं?"

दुर्गाचा चेहरा उतरला.

"दुर्गा," ती म्हणाली. आणि मग तिला थांबताच येईना. "दुधनीची हाय मी. डिप्लोमा अक्कलकोटला केला. घरी आमी कानडी बोलतो. हितं भवानी पेठेत ऱ्हाते, मालकीणबाई लई चांगल्या हायत, पर त्यांचं काय कळत न्हाय मला. धाकटी बहीण हाय, पिंकी, ती सारकी फोनवर इचारती, तुजी मैत्रीण कशी हाय म्हनून..."

सिद्धनाथने नाव लिहून पेनला टोपण लावलं होतं. "अगं, एवढं नाही लिहायचं यात," तो म्हणाला.

"लिहू नको की," दुर्गा म्हणाली. "नुस्तं ऐक."