पोले, असांते आणि मी

मी एक जुना चहाचा चमचा आहे, मित्रांनो. मान वाकडी, पण कुणाचा चमचा मात्र नाही! लिंडी गावात मोझाबाईंच्या घरी साखर ढवळण्यात माझी चकचकीत वर्षं गेली. मग नवे चमचे आले आणि मी फळीमागे पडलो, तो पडलोच.

एकदा बाईंचा मुलगा सेफू मोटारसायकलवरून आपटला. इस्पितळात श्वासासाठी त्याच्या घशात नळी घातली होती. ती निघाली, सिस्टर तुमाईनींनी खायला परवानगी दिली आणि बाईंनी मला शोधून काढलं. आजाऱ्याला छोटा चमचा बरा ना!

घसा दुखत असेल म्हणून बाईंनी नाचणीची उजी, म्हणजे पेज, पाण्यासारखी पातळ केली. मी तोंडात गेलो आणि सेफूला जोराचा ठसका लागला. मी गोंधळलो. माझं काय चुकलं?

"पोले, बाळा," बाई कळवळल्या.

आमच्याकडे कुणाला काही झालं की 'पोले' म्हणायचं, आणि त्याने 'असांते' म्हणून आभार मानायचे. सेफू शहाणा मुलगा. भरल्या तोंडाने, घोगऱ्या आवाजात तो म्हणाला, "असांते." पुन्हा ठसका. भेटायला आलेले शेजारचे कोंबोकाका म्हणाले, "पोले, पोरा." पुन्हा असांते, पुन्हा ठसका. माझं डोकंच चालेना.

तेवढ्यात सिस्टर धावत आल्या.

"थांबा! तुमच्या या शिष्टाचाराने त्याच्या छातीत पेज साठेल. मग परत नळी घालावी लागेल."

बाईंनी मला वाटीत ठेवून दिलं.

"अहो, पण पातळच तर केलीय," बाई म्हणाल्या.

"तिथेच चुकतंय, आई. नळीमुळे घसा सुस्त झालाय. पातळ उजी धावत जाऊन श्वासाच्या वाटेत शिरते. जरा घट्ट करा. अर्धाच चमचा द्या, हनुवटी खाली. आणि त्याने गिळेपर्यंत कुणी पोले म्हणायचं नाही."

"मग मी बोलू काय?" काकांनी विचारलं.

"तुम्ही भिंतीकडे बघा."

घट्ट उजी जड आणि पातळ हलकी, मग जडच सोपी कशी? मला अजून कळलेलं नाही. मी अर्धा भरून आत गेलो. सगळे गप्प. सेफूचा कंठ वर गेला, अडला, खाली आला. ठसका नाही. काका भिंतीकडेच बघत होते.

मित्रांनो, आजाऱ्याच्या तोंडात घास असताना त्याच्याशी बोलू नका. माया असली तरी जरा थांबा.

वाटी संपली. बाईंनी मला पुसलं आणि मग कुठे हळूच म्हणाल्या, "पोले."

"असांते," सेफू म्हणाला. पण बघत होता तो माझ्याकडे.

आता चमच्याने यावर काय म्हणायचं असतं?