जिन्यातला प्रसंग

“नीला मावशी, वीरला शाल तुम्हीच घालायची. पुस्तकात तुमचा चॅप्टर आहे ना!” मंडळाची सेक्रेटरी ऋता माझ्या हातात शाल-नारळाचं तबक कोंबून गेली.

घालते की. गळ्याभोवती, आवळून.

वीर इथलाच, ओहायोतल्या डब्लिनमध्ये वाढलेला. इतिहासाची पुस्तकं लिहितो, एका विमानप्रवासात वाचून संपणारी. रेल्वेवरचं पहिलं पुस्तक विमानतळावरच्या दुकानांत ढिगानं होतं. टीव्हीवरही मिरवून आला. पुढच्या दोन पुस्तकांना कोणी विचारलं नाही, तेव्हा साहेबांना आम्ही आठवलो. ओहायोत सुरुवातीला आलेली मराठी माणसं! माझ्या स्वयंपाकघरात बसून थालीपीठं हाणली आणि सगळं रेकॉर्ड केलं.

मी सांगितलं होतं, घरमालकानं जागा नाकारली तेव्हा माझा नवरा अनिल दारात उभा राहून भांडला आणि किल्ली घेऊनच आला. पुस्तकात तो जिन्यात बसून ढसाढसा रडतो. अनिल आता नाही. आणि जो तो मला सांगतो, रडण्याचा प्रसंग काय सुंदर आहे हो!

स्टेजवर मी तबक टेबलावर ठेवलं.

“वीर, काका रडले असं तुला कोणी सांगितलं?”

“तसं नाही मावशी, पण रीडरला काहीतरी फील व्हायला पाहिजे ना. इट्स अ सीन.”

“भांडलेलं फील होत नाही?”

कुणीतरी हसलं. वीरचे कान लाल झाले. “सॉरी. नेक्स्ट एडिशनमध्ये चेंज करतो.”

“कधी?”

त्यानं माइकवर हात ठेवला. “एडिशन नाहीये, मावशी. पब्लिशरनी मला ड्रॉप केलं. आहेत त्या लास्ट कॉपीज.”

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? पण घोटभरच. याचं दुकान बंद झालं होतं आणि माझा नवरा आतच राहिला होता, रडत.

नारळ तेवढा त्याच्या हातात दिला. शाल माझ्याच खांद्यावर टाकली, हॉलमध्ये थंडी होती. मग सहीच्या टेबलाशी, त्याच्या खुर्चीत जाऊन बसले. पहिलं पुस्तक उघडलं, जिन्यातला परिच्छेद आडवा खोडला आणि शेजारी मराठीत लिहिलं: भांडला.

“मावशी, काय करताय! विकायची आहेत ती!” ऋता धावत आली.

“विक की. पुढचं दे.”

वीर नारळ धरून बघत उभा होता.