झाकणावरचं राहिलेलं टिंब

मी एक जुना स्टीलचा डबा आहे, आणि मित्रांनो, माझ्या नावातच चूक आहे.

जन्म कारखान्यातला, पण तिथलं मला काही आठवत नाही. डब्याचं खरं आयुष्य नाव घातल्यावरच सुरू होतं. सांगलीच्या बाजारात आदगोंडांनी मला विकत घेतलं तेव्हा त्यांचं नुकतंच लग्न झालं होतं. झाकणावर बायकोचं नाव घाला, असं दुकानदाराला सांगून ते मिशीत हसत उभे राहिले. नाव घालायचं यंत्र टर्रर्र करत माझ्यावरून फिरलं. मला फार गुदगुल्या झाल्या. घरी चंपाबाईंनी झाकण उजेडात धरलं, तर 'च'वरचं टिंब राहिलेलं. मी झालो होतो 'चपाबाई'.

"आवं, माजं नावच बदलून आणलासा की."

"टिंबच तर हाय. उद्या लावतो," आदगोंडा म्हणाले.

तो उद्या काही उगवला नाही. मी त्यांच्याबरोबर हळदीच्या बाजारात जाऊ लागलो. माझ्या कडेला जो पिवळेपणा दिसतो तो तिथलाच, गंज नव्हे. चंपाबाई मधूनच टिंबाची आठवण करून द्यायच्या, ते "उद्या" म्हणायचे, आणि दोघं हसायची. त्यांचा मुलगा भरतेश कॉलेजला गेला तेव्हा मीही गेलो, फक्त पदवी त्याला मिळाली. गेल्या वर्षी आदगोंडा आजोबा वारले आणि मी फळीवर जाऊन बसलो. फार एकटं वाटलं.

मग भरतेशच्या मुलीचा, ब्राह्मीचा, प्लॅस्टिकचा डबा तडकला आणि माझं नशीब उघडलं. मी थेट नववी 'ब'मध्ये दाखल झालो. शाळा मला आवडली. गणिताच्या तासाला मी बाकाखाली इतका हळू उघडायचो की माझा मलाच आवाज येत नसे. पण एकदा मधल्या सुट्टीत जयराज नावाच्या मुलानं माझं झाकण मोठ्यानं वाचलं. त्या दिवसापासून ब्राह्मीचं नाव चपाबाई पडलं, आठवडाभरात त्याची चपातीबाई झाली.

ती घरी येऊन रडली. मग तिनं मला हरवायचा चंग बांधला. बाकाखाली विसरून आली, शिपाई हरिबांनी नाव वाचून मला घरपोच केलं. सिटी बसमध्ये सोडलं, तर वाहकानं दुसऱ्या दिवशी "चपाबाई कोण?" असं भर बसमध्ये विचारलं. नाव घातलेलं भांडं सहजासहजी हरवत नसतं. शेवटी तिच्या आईनं नवा डबा आणला आणि रविवारी मला मोडीत द्यायचं ठरवलं. जुनी भांडी वजनावर देऊन नवी घ्यायची, त्याला मोड म्हणतात. आम्हा भांड्यांत हा शब्द कुणी उच्चारत नाही. चंपाबाई नुसतं "बरं" म्हणाल्या.

शनिवारी शाळेची सहल औंधला निघाली. दुपारच्या जेवणासाठी नवा डबा होता. तरीही आजींनी माझ्यात दशम्या आणि बिनलसणाची चटणी भरली. या जैन घरात दिवस मावळल्यावर कुणी जेवत नाही, म्हणून संध्याकाळची ही सोय. "शेवटचं एकदा ने," म्हणत त्यांनी नातीला टिंबाची सगळी गोष्ट सांगितली. ब्राह्मीनं ती ऐकली, आणि तरीही मला दप्तराच्या तळाशी कोंबलं.

यमाईचं दर्शन झालं, संग्रहालय झालं, आणि परतताना विट्याच्या पुढं गाडी पंक्चर झाली. सगळ्यांचे डबे केव्हाच रिकामे झाले होते. सूर्य उसाच्या शेंड्यांना टेकला. मला बाहेर काढावं तर चपाबाईचा गजर होणार, न काढावं तर सकाळपर्यंत उपास. ब्राह्मीनं एकदा खिडकीतून सूर्याकडं बघितलं. मग तिनं दप्तरात हात घातला.

एक दशमी तिनं खाल्ली. शेजारच्या बाकावरून जयराज बघत होता, म्हणून एक त्यालाही दिली. त्यानं झाकण उचललं.

"कोण गं ह्या चपाबाई?"

गाडीतले सगळे कान टवकारले गेले.

"चंपाबाई. माजी आज्जी. टिंब आजोबा लावणार हुते, लावायच्या आधीच गेले."

जयराजच्या तोंडात दशमी होती. त्यानं ती गिळली, झाकण शर्टाच्या बाहीला पुसलं आणि परत दिलं.

रविवारी ब्राह्मीनं मला मोडीच्या पिशवीतून बाहेर काढलं. हातोडी आणि खिळा घेऊन ती टिंब ठोकणार, इतक्यात आजींनी तिचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे. ते त्येंचं काम हाय."

मी तसाच शाळेत गेलो. मधल्या सुट्टीत जयराज बाकापाशी आला. माझा जीव झाकणात गोळा झाला.

"चंपाबाई, आज काय आणलंय?"

टिंबावर त्यानं इतका जोर दिला, जणू त्याला गुण मिळणार होते. आता सगळा वर्ग मला तसाच पुकारतो. ब्राह्मीनं घरी सांगितलं तेव्हा आजी खूप हसल्या, मग पदरानं डोळे पुसले. "लागलं म्हणायचं एकदाचं," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, घरातलं जुनं भांडं मोडीत देण्याआधी त्यावरचं नाव एकदा मोठ्यानं वाचा, आणि ते कुणाचं, हे घरात विचारा. एखादं टिंब राहिलेलं असेल, तर ते लावायला तुम्ही आहातच.