कापडाच्या मागून

अंजनामावशी पत्र घेऊन आल्या तेव्हा ते आधीच उघडलेले होते. शेजारच्या क्वार्टरमध्ये त्या आपल्या मुलाकडे, शेषरावांकडे राहत. शेषराव पोलादाच्या कारखान्यात क्रेन चालवत. त्यांनी पत्र वाचून चुलीपाशी टाकले होते, ते मावशींनी पदराखाली लपवून आणले. त्यांना वाचता येत नव्हते. मी कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते, म्हणून मला सगळेच कळते अशी त्यांची समजूत होती.

पत्र मुंबईच्या एका रुग्णालयातून आले होते. मी तुझी लेक वच्छला, असे लिहिणारी म्हणत होती. सोळाव्या वर्षी ती राजनांदगावला आलेल्या नाटक कंपनीबरोबर निघून गेली होती. पुढे मुंबईत तिचे नाव बदलले. अकरा सिनेमे झाले. आधी घोळक्यातले नाच, मग नायिकेची मैत्रीण, मग विधवा बहीण. एकदा रस्त्यावरच्या फलकावर तिचा चेहरा लागला होता, खालच्या कोपऱ्यात. आता छातीचा आजार होता आणि दोन वर्षांत कोणी काम दिले नव्हते. शेवटी लिहिले होते, आईने ये म्हटले तर येईन, नाही म्हटले तर पुन्हा लिहिणार नाही.

शेषरावांच्या मते वच्छला तेरा वर्षांपूर्वीच मेली होती आणि ही आसरा शोधणारी कोणी बाई होती. त्यांच्या मुलीचे लग्न जुळत आले होते. मावशी त्यांच्याशी भांडल्या नाहीत. पत्रातल्या एका सिनेमाचे नाव मी मैदानाच्या पाटीवर पाहिले होते. तो येत्या शनिवारी लागणार होता. ते ऐकून त्या म्हणाल्या, पाहीन आणि मग सांगीन.

"पण तेरा वर्षांनी चेहरा ओळखू येईल?" मी विचारले.

"चेहऱ्याचं सोड. डावरी होती ते. जेवाले बसली का डावा हात पुढं. मी फडक्यानं पाठीमागं बांधून ठेवो. तरी नाही वळला."

आमच्या सेक्टरच्या मैदानात दोन बांबूंना पांढरे कापड ताणून सिनेमा दाखवत. पुरुष समोर बसत आणि बायका कापडाच्या मागे. मुलखामुलखांतून आलेल्या कामगारांत सुना-मुलींनी बसू नये, म्हणून ही रीत पडली होती. चित्र मागूनही दिसेच. सुरुवातीची नावे उलटी उमटली तेव्हा मी तसे बोलले. पुढे बसलेली मैनाबाई म्हणाली, "आपल्याले कोठं वाचता येते? सुलटं काय न उलटं काय." सगळ्या हसल्या. मीही हसले.

विधवा बहीण मध्यंतरानंतर आली. खिडकीत बसून ती भावाच्या सदऱ्याला गुंडी लावत होती. कोरलेल्या भुवया, चेहऱ्यावर रंग, बोलणे हिंदी. मावशी पुढे वाकल्या. त्यांची नजर हातांवर होती. सुई उजव्या हातात होती. बाईने दोरा दातांनी तोडला आणि दृश्य बदलले. मावशी सावकाश मागे टेकल्या.

"नोहे," त्या म्हणाल्या. "हे माही वच्छी नोहे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी उत्तर सांगितले आणि मी ते लिहिले. "बाई, तू जे कोणी असशीन, माह्या लेकीचं नाव घेऊ नको. देव तुले बरं करो." मी ते शुद्ध भाषेत, स्वच्छ अक्षरात उतरवले आणि पावर हाउस भागातल्या टपालपेटीत स्वतः टाकले.

गुरुवारी पोलादाचा एक नमुना सूक्ष्मदर्शकाखाली होता. मी तो डावीकडे सरकवला आणि नेहमीप्रमाणे दृश्य उजवीकडे गेले. दोन वर्षे मी रोज हे करीत होते. त्या दिवशी माझा हात थांबला. सिनेमातल्या नायकाने चहाचा कप डाव्या हाताने उचलला होता. वकिलाने सही डाव्या हाताने केली होती. अक्षरे उलटी आहेत हे मला दिसले होते. हातही उलटे असतील हे सुचले नव्हते.

जेवणाच्या सुट्टीत मी तार केली: आई बोलावते, ताबडतोब ये. दहा दिवसांनी रुग्णालयातल्या एका परिचारिकेचे पत्र आले. बाईंनी घरचे पत्र दोनदा वाचले आणि दुसऱ्या दिवशी खाट सोडून निघून गेल्या. तार त्यानंतर पोचली. पत्ता ठेवलेला नाही.

हे मावशींना मी आरशासमोर बसवून सांगितले. त्यांच्या उजव्या हातात सुई दिली. त्यांनी आरशातल्या बाईकडे पाहिले, मग आपल्या हाताकडे, मग पुन्हा आरशाकडे.

"म्हणजे तेच होती."

"हो. चूक माझी आहे, मावशी. मला कळायला हवं होतं."

"लेक कोणाची होती?" एवढेच विचारून त्यांनी सुई दोऱ्याच्या गुंडाळीत खोचली.

फेब्रुवारीत तोच सिनेमा पलीकडच्या सेक्टरमध्ये लागला. मावशी कापडाच्या मागे गेल्या नाहीत. मला घेऊन पुरुषांमध्ये, सतरंजीच्या कडेला बसल्या. शेषराव चार रांगा पुढे होते. त्यांनी वळून पाहिले, पण उठले नाहीत. नावे आली तेव्हा मावशींनी मला तिचे बदललेले नाव वाचायला लावले. मी वाचले. ते त्यांनी हळूच एकदा म्हणून पाहिले. परक्या मुलीचे म्हणावे तसे.

मग खिडकी आली, सदरा आला. सुई डाव्या हातात होती. सगळे मिळून अर्ध्या मिनिटाचे काम.

"बरं झालं, नाही वळला," मावशी म्हणाल्या.

पडद्यावर नायिकेचे गाणे सुरू झाले. मी निघू या का म्हणून विचारले. त्यांनी मानेनेच नाही म्हटले. वच्छला पुन्हा एकदा, शेवटाकडे, दारात उभी दिसते, हे त्यांच्या लक्षात होते.