वायपरची मूठ

रत्नदीप डुंबरे यांच्या बावन्न सालच्या काळ्या गाडीचे वायपर विजेवर चालत नव्हते. इंजिन हवा ओढतं, त्या ओढीवर ते हलायचे. सपाट रस्त्याला ठीक होतं, पण चढावर ॲक्सिलरेटर दाबला की ओढ कमी व्हायची आणि वायपर काचेच्या मध्येच थांबायचे. मग काचेच्या वर, आतल्या बाजूला असलेली मूठ धरून ते हाताने हलवावे लागत. हे काम बावीस वर्षं त्यांच्या बायकोने केलं.

दर श्रावणात दोघं डोंबिवलीहून ओतूरला गावी जायचे. माळशेजचा घाट लागला की रत्नदीप दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरायचे आणि म्हणायचे, "फिरव." नीला उजवा हात वर करून मूठ डावीकडे, उजवीकडे, डावीकडे अशी हलवत राहायची. वर पोचेपर्यंत खांद्यापासून बोटांपर्यंत हात बधिर व्हायचा.

"इलेक्ट्रिक मोटर बसवून घ्या ना," ती दर वर्षी म्हणायची.

"गाडी ओरिजिनल आहे, नीला. एक भोक पाडलं की तिचं भंगार झालं."

प्रदर्शनांत मिळालेले सात चषक दिवाणखान्यात होते. त्यांच्या खालीच नीलाचं शिलाई मशीन होतं. तिच्या ब्लाऊजना निम्म्या कॉलनीतून मागणी असायची.

तीन वर्षांपूर्वी घाटात मूठ अडकली. समोरचं काही दिसत नव्हतं, मागून ट्रक हॉर्न देत होता. "जोर लाव," रत्नदीप ओरडले. तिने सगळा जोर लावला आणि मनगटात काहीतरी तुटलं. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, हात राहील, पण पकड पूर्वीसारखी येणार नाही. तिला कात्री धरता येईना. वर्षभराने तिने मशीन विकून टाकलं.

पुढच्या श्रावणात रत्नदीपनी मूठ डाव्या हाताने धरायला सांगितली. तिने धरली. त्याच्या पुढच्याही श्रावणात धरली.

यंदा मे महिन्यात हर्षित पाटील घरी आला. पाटलांची घोडबंदर रोडला जमीन होती, आता तिथे टॉवर उभे होते. जूनमध्ये बहिणीच्या लग्नात नवरानवरीसाठी त्याला ही गाडी हवी होती.

"काका, पुढे फक्त माझा ड्रायव्हर असणार. फ्लायओव्हरवर पाऊस लागला तर वायपर कोण फिरवणार? त्याचं काहीतरी करा, मग फायनल करू."

"करतो की," रत्नदीप म्हणाले. "त्यात काय एवढं."

नीला हातात पोह्यांची बशी घेऊन उभी होती.

दोन दिवसांनी ते विठ्ठलवाडीला आनंदा इलेक्ट्रिशियनकडे गेले. कल्याणला डॉक्टरांकडे जायचं होतं म्हणून तीही बरोबर होती. आनंदाने हवेच्या ओढीवर चालणारी जुनी मोटर काढली आणि त्याच भोकांत विजेवरची नवी बसवली. वायर डॅशबोर्डखालून नेऊन छोटंसं बटण लावलं. गाडीला नवं भोक कुठेच पडलं नाही.

"किती वेळ लागला रे, आनंदा?" नीलाने विचारलं.

"चहा धरून तीन तास, काकी. पूर्वीच आणायची होती गाडी. सोपं काम आहे."

रत्नदीपनी बटण दाबून बघितलं. वायपर एकसारखे फिरू लागले. "बघ, कसं मस्त झालं," ते म्हणाले. डॉक्टरांकडे ती रिक्षाने गेली.

लग्न झालं. हर्षितने फोटो पाठवले. एका रविवारी रत्नदीपचे जुन्या गाड्यांवाले मित्र सहकुटुंब घरी आले. वायपरचा विषय निघाला.

"शेवटी हिच्या हाताकडे बघून बसवून घेतले," रत्नदीप म्हणाले. "गाडीपेक्षा माणूस मोठं."

"नशीबवान आहात हो," एकाची बायको नीलाला म्हणाली.

नीलाने चहाचा ट्रे टेबलावर ठेवला. "माझ्या हातासाठी नाही. हर्षितच्या ड्रायव्हरसाठी बसवले. माझा हात जाऊन तीन वर्षं झाली."

चहा पिऊन मंडळी लवकर उठली.

"चारचौघांत बोलायची काय गरज होती?" दार लावताना रत्नदीपनी विचारलं.

"चारचौघांत खोटं तुम्ही बोललात."

"तीन वर्षं हे मनात ठेवलंस?"

"तुम्ही कुठे विचारलंत?"

ते टीव्ही लावून बसले. ती कप धुवायला गेली.

श्रावणात ती एसटीने ओतूरला गेली. रत्नदीप गाडी घेऊन एकटेच आले, भर पावसात, वाटेत कुठेही न थांबता. पडवीत सगळ्यांनी गाडीचं कौतुक केलं. वहिनी का बरोबर नाहीत, असं कोणीतरी विचारलं.

"तिला आता जुन्या गाडीत चक्कर येते," ते म्हणाले.

नीलाने आतून ते ऐकलं. ती डाव्या हाताने पुरणपोळीची कणीक मळत होती. बाहेर निघालेल्या जावेने तिला विचारलं, "खरंच का गं?" चक्कर येते म्हटलं की त्या गाडीत बस असं पुन्हा कोणी म्हणणार नव्हतं. नीलाने मानेनेच हो म्हटलं आणि कणकेत थोडं पाणी घातलं.