वरच्या परबाणावर

"सोड!" खालून वस्ताद गरजले, आणि तिने शिडाची शेवटची गाठ सोडली.

जाड कापड फडफडलं, वारा प्यायलं आणि टम्म फुगलं. जुनं लाकडी जहाज अंगात आल्यासारखं बंदराकडे झेपावलं. तिच्या पायांखाली एक दोर, कमरेला दुसरा, पोटाशी परबाण, म्हणजे डोलकाठीवरचं आडवं लाकूड. बाकी सगळं आकाश. तिला मोठ्याने ओरडावंसं वाटत होतं.

नौदलाच्या कित्येक पिढ्या याच जहाजावर वारा ओळखायला शिकल्या होत्या. आज तिची तुकडी शिकून परतत होती, तीही इंजिन बंद ठेवून, निव्वळ शिडांवर. सगळ्यात वर कोण जाणार, असं वस्तादांनी विचारलं तेव्हा तिचा हात सगळ्यांआधी वर गेला. धक्क्यावर आई असणार, हे ध्यानातच आलं नाही.

"डोलकाठीवर चढलीस तर ओढत घरी आणीन," आईने निघतानाच बजावलं होतं. आणि आई बोलेल ते करणारी बाई. म्हणून दर फोनवर ही ठोकून द्यायची, "अगं, माझी ड्यूटी स्वयंपाकघरात. बटाटे सोलते."

"धक्क्यावर कुणीतरी दुर्बीण लावलीये बघ," शेजारची मैत्रीण म्हणाली.

"आमचीच आई. मेले मी!"

"मग हात तरी हलव. आता लपणार कुठे?"

तिने हात हलवला. दुर्बीण जागची हलली नाही.

जहाज धक्क्याला लागलं. ती खाली उतरते न उतरते तोच आई फळीवरून तरातरा आत आली. मागे बाबा, हसू दाबत.

"बटाटे काय?"

"आई, ऐक ना..."

"गप्प." आईने तिचे तळहात उलटून पाहिले, दोरांचे घट्टे अंगठ्याने चाचपले. मग मान वर करून डोलकाठीकडे बघत राहिली.

"भीती वाटली?"

"पहिल्यांदा. आज नाही."

वस्ताद खाकरत पुढे झाले. "बाई, तुमची मुलगी म्हणजे..."

"तुम्ही थांबा हो जरा." आई दोरांच्या शिडीपाशी गेली, दोन्ही हातांनी तिला हिसका देऊन पाहिला. "ही माझं वजन पेलेल?"

वस्तादांनी मान डोलावली.

आईने पर्स लेकीच्या गळ्यात अडकवली आणि चपला काढल्या.